सातवा पादचारी

मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे. मोठ्या रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाशी, पलीकडे जाण्यासाठी सात माणसे उभी होती. खांबावरच्या कोऱ्या करकरीत पाटीवर आकडा उमटला: 'थांबलेले पादचारी: ६'.

मागे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या अप्पांनी पुन्हा मोजले. तांत्रिक महाविद्यालयात चौतीस वर्षे मोजमापाची उपकरणे शिकवलेल्या माणसाला सातापर्यंत दोनदा मोजावे लागणे ही तशी नामुष्कीच. परंतु यंत्रावर आरोप करण्यापूर्वी स्वतःचे डोळे तपासावेत, हा धडा त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना घोकायला लावला होता. कॉलेजची तीन पोरे, एक कुरिअरवाला, फोनवर कोणाशी तरी तावातावाने भांडणारी एक बाई, टाय लावलेला एक घाईचा गृहस्थ. झाले सहा. आणि सातवी, चार पायांच्या वॉकरवर दोन्ही हात ठेवून, ठेवणीतली शाल पांघरून उभी असलेली, अप्पांची पत्नी. जिला सगळी वस्ती काकू म्हणते.

हिरवा दिवा लागला. पोरे पळाली, कुरिअरवाला गेला, बाई भांडतभांडत पार झाली. चौदाव्या सेकंदाला सहावा माणूस पलीकडच्या फुटपाथवर चढला आणि यंत्राने आपले कर्तव्य संपले असे समजून दिवा लाल केला. काकू तेव्हा तिसऱ्या पट्टीवर होत्या. मग असे काही हॉर्न वाजले की औषधवाल्याच्या हातातली गोळ्यांची डबी खाली पडली. काकूंनी वॉकर उचलला, वळवला आणि त्या माघारी आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा तो हुशार सिग्नल मला ओळखत नाही वाटतं."

सिग्नल अप्पांचा नव्हता. पण तो बसवला तेव्हा सगळ्या इमारतीला गोळा करून 'बुद्धिमान वाहतूक व्यवस्था' या विषयावर पाऊण तास व्याख्यान देणारे अप्पाच होते. जुना सिग्नल मठ्ठ होता, असे ते त्यात म्हणाले होते. कोणी ओलांडो न ओलांडो, तो आपला मिनिटभर लाल होऊन बसायचा. नवा मात्र कॅमेऱ्याने माणसे मोजणार, ती पार होईपर्यंतच गाड्या थांबवणार, एक सेकंद वाया जाऊ देणार नाही. व्याख्यानाला टाळ्या पडल्या होत्या. त्या मठ्ठ सिग्नलच्या मिनिटभरात काकू रोज सुखरूप पलीकडे जात असत, ही बाब व्याख्यात्याच्या नजरेतून सुटली होती.

आणि पलीकडे जाणे आता निकडीचे होते. रस्त्याच्या बरोबर समोर, तळमजल्यावर, काकूंची धाकटी बहीण राहते. महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. ती खिडकीशी पलंग लावून पडून होती. नवा सिग्नल आल्यापासून दोघी बहिणी आपापल्या खिडकीत बसून फोनवर बोलत. एकीने हात हलवला की दुसरी फोनवर म्हणे, "दिसला गं, दिसला." ते बघून अप्पांना उगाचच चष्मा पुसावासा वाटे.

टॅक्सीचा प्रयोग करून झाला होता. गाडीला वळण घ्यायला पुढच्या मोठ्या चौकापर्यंत जावे लागते. टॅक्सीवाल्याने पत्ता ऐकला, समोर पाहिले आणि म्हणाला, "ते समोर दिसतंय तेच ना आजोबा? सकाळी सकाळी गरिबाची चेष्टा करू नका." चाकांच्या खुर्चीचा विषय काकूंनी एका वाक्यात निकालात काढला होता: "मी काय पार्सल आहे, इकडून तिकडे पोचवायला?" याच न्यायाने त्या अप्पांना फुटपाथच्या पुढे बरोबर येऊ देत नसत. स्वतःच्या बहिणीकडे आपण आपल्या पायाने जायचे, हा त्यांचा बाणा होता.

अप्पांनी तक्रार करायचे ठरवले. रस्ते विभागातल्या कारकुनाने सर्व ऐकून घेतले आणि अत्यंत समंजसपणे सांगितले, "खांब आमचा आहे काका. मेंदू आमचा नाही."

"मग मेंदू कोणाचा?"

"वाहतूक संशोधन केंद्राचा."

संशोधन केंद्रातले गृहस्थ अधिकच समंजस निघाले. मेंदू आमचाच, ते म्हणाले. परंतु तक्रार खांबाच्या मालकाकडूनच यावी लागते. अप्पा पुन्हा रस्ते विभागात गेले. कारकून जेवायला गेला होता. तो परतल्यावर म्हणाला की खांबाबद्दल तक्रार असेल तर आत्ता घेतो. अप्पा म्हणाले, खांब उत्तम आहे. "मग तक्रार कसली?" कारकुनाने विचारले, आणि या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर नसल्यामुळे चौतीस वर्षे वर्गात उत्तरे देत आलेले अप्पा नमस्कार करून बाहेर पडले.

दरम्यान शेजारी स्वस्थ बसले नव्हते. आपल्याकडे दुखणे एकाचे असते, पण औषध सगळ्यांजवळ असते. वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सारे बँकवाले म्हणतात, ते जिन्यातच अप्पांना अडवून म्हणाले, "सोपं आहे हो. यंत्राला हालचाल लागते. वहिनींच्या हातात रुमाल द्या, हलवत राहू दे." औषधवाल्याचे मत पडले की चमकणारे जाकीट घालावे. शेजारच्या कवायतीच्या बाई (शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, पण अजून 'विश्राम' न घेतलेल्या) म्हणाल्या, "जागच्या जागी पाय आपटायचे! एक दोन, एक दोन!"

काकूंनी फक्त रुमाल मान्य केला. परिणाम तात्काळ झाला: तीन टॅक्स्या थांबल्या. तिसरीचा चालक तोच होता. त्याने काकूंकडे पाहिले, समोरच्या घराकडे पाहिले, आणि हात जोडून निघून गेला.

अप्पांनी मग दुसरा प्रयोग केला. भर दुपारी, ओलांडणारे दुसरे कोणी नसताना, त्यांनी काकूंना पट्ट्यांशी एकटीला उभे केले. वस्तीतले तांबडे कुत्रे येऊन शेजारी बसले आणि कान खाजवू लागले. पाटीवर आकडा आला: १.

"हा एक कोण?" काकूंनी विचारले.

अप्पांनी कुत्र्याकडे पाहिले. दिवा हिरवा झाला. कुत्रे उठले, आळोखेपिळोखे देत सावकाश पलीकडे गेले. ते पोचताच दिवा लाल झाला.

"कळलं," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अप्पा नेसत्या कपड्यांनिशी थेट संशोधन केंद्रात जाऊन बसले आणि मेंदूच्या मालकांपैकी कोणीतरी येऊन बघेपर्यंत उठणार नाही, असे त्यांनी शांतपणे जाहीर केले. त्यांच्या या सत्याग्रहाला फार काळ लागला नाही. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली होती आणि पहारेकऱ्याला घरी जायचे होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रातली एक तरुण संशोधिका लॅपटॉप घेऊन आली. मुलगी गुणी होती, फक्त तिला खोटे बोलता येत नव्हते. औषधवाल्याच्या बाकावर बसून तिने कॅमेऱ्याचे दृश्य उघडले. पडद्यावर प्रत्येक माणसाभोवती पिवळी चौकट होती आणि वर लिहिले होते 'पादचारी'. काकूंभोवती करडी चौकट होती.

"काय लिहिलंय गं माझ्यावर?" काकूंनी विचारले.

"काही नाही, तांत्रिक भाग आहे," अप्पा घाईने म्हणाले.

पण काकूंनी चष्मा लावलेलाच होता. "'स्थिर वस्तू'," त्यांनी सावकाश वाचले. "म्हणजे खांब?"

"खांब, बाक, कचराकुंडी..." मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली. "असा एक गटच आहे काकू. कडेला येऊन थांबण्याआधी ज्याची गती एका ठराविक मर्यादेखाली असते, ते यंत्र सोडून देतं. नाहीतर ते खांब आणि सावल्याही मोजेल आणि गाड्या दिवसभर उभ्या राहतील."

"आणि मी तिच्याबरोबर चाललो तर?" अप्पांनी विचारले.

"त्याच गतीने? मग तुम्हीपण, काका."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात दोघे एकाच गटात असे क्वचितच नोंदले गेले असतील. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, वॉकर पुढे टाकला आणि म्हणाल्या, "चला. कचराकुंडीला घरी स्वयंपाक आहे."

उपाय होता, असे मुलीने मागे राहिलेल्या अप्पांना सांगितले. यंत्राला हळू चालणारी माणसे कधी दाखवलीच नव्हती. त्याला शिकवताना जी चित्रे वापरली, ती सगळी धडधाकट माणसांची. गुडघे धरलेली, काठी टेकणारी, वॉकरवाली माणसे या रस्त्यावरून दोनशे वेळा जाताना दाखवली, तर ते शिकेल. पण चाचणीचा काळ महिनाअखेर संपतो. त्यानंतर आहे ती व्यवस्था कायम होणार, आणि हाच मेंदू गावातल्या सगळ्या चौकांत बसणार.

"सगळ्या?" अप्पा म्हणाले.

"सगळ्या."

अप्पा घरी आले ते कंबर कसूनच. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सुवाच्य अक्षरांत फलक तयार केला आणि आसपासच्या इमारतींच्या जिन्यांत लावला: 'मंद गतीच्या ज्येष्ठ नागरिकांना आवाहन'.

दोन दिवस चिटपाखरू फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी बँकवाले आले, ते जाब विचारायला. "मंद कोणाला म्हणता हो अप्पा? फलक नेमका माझ्याच दारासमोर का?"

अप्पांनी फलक बदलला. 'रस्ता सुरक्षेच्या संशोधनात अनुभवी नागरिकांचा सहभाग'. या शब्दांत काय जादू होती कोण जाणे. शनिवारी सकाळी सव्वा आठला पट्ट्यांशी एकतीस ज्येष्ठ हजर होते. अप्पांना कृतकृत्य वाटले. मग त्यांचे लक्ष लोकांच्या पायांकडे गेले. निम्म्यांनी नवे कोरे धावण्याचे बूट घातले होते.

"मंडळी," अप्पांनी घसा साफ केला, "आपण नेहमी जसे चालता तसेच चालायचे आहे. कॅमेरा आहे, हे विसरून जा."

माणसाला जे विसरायला सांगावे तेच तो लक्षात ठेवतो. दिवा हिरवा होताच कवायतीच्या बाई छाती काढून निघाल्या. आपल्यापुढे एक बाई जाते आहे, हे बँकवाल्यांच्या पौरुषाला मानवले नाही. त्यांनी हातातली काठी बगलेत मारली आणि पावले लांब टाकली. मागून एक गृहस्थ, ज्यांना एरवी जिना उतरायला मुलाचा खांदा लागतो, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' करत दोघांच्या मधून निघून गेले. पलीकडून परत येताना तर उघडउघड पैजा लागल्या. काठ्या भरपूर होत्या. त्यांतली एकही त्या सकाळी जमिनीला टेकली नाही. अप्पा हात पसरून ओरडत होते, "हळू! अहो, जरा हळू!" आणि लोकांना वाटत होते की ते प्रोत्साहन देत आहेत.

काकू खाली आल्याच नव्हत्या. "खांबाचं काय काम तिथे?" एवढेच त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी वरून खिडकीतून सगळे पाहिले.

मंगळवारी केंद्राचा अहवाल आला. सदर ठिकाणच्या ज्येष्ठ पादचाऱ्यांची सरासरी गती तरुणांपेक्षा अधिक आढळली. सबब हिरव्या दिव्याचा कमाल कालावधी दोन सेकंदांनी कमी करण्याची शिफारस करण्यात येत आहे.

अप्पांनी तो दोनदा वाचला. मोजमापात कुठेही चूक नव्हती. आयुष्यभर अचूकतेची पूजा केलेल्या माणसावर अचूक आकड्यांनीच अशी वेळ आणावी, याहून मोठी थट्टा कोणती?

"कमी?" काकूंनी विचारले.

"कमी."

खिडकीशी जाऊन काकूंनी फोन लावला. पलीकडच्या खिडकीतला हात वर झाला.

"ताई, तू नको जिवाला लावून घेऊस," धाकटीचा आवाज अप्पांनाही ऐकू येत होता. "मी बरी झाले की मीच येते ना."

"किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

"दिवस नाही गं. वर्ष म्हणाले."

"बरं," काकू म्हणाल्या. "केस विंचरलेस का आज?"

"कोण विंचरणार? येते कामवाली, तिला घाई असते."

काकूंनी फोन ठेवला आणि त्या रस्त्याकडे बघू लागल्या. अप्पा मागे उभे होते. गाठीशी इतके ज्ञान असून बायकोला रस्त्यापलीकडे जाऊन बहिणीचे केस विंचरता येत नाहीत, तर ते ज्ञान घेऊन करायचे काय, असा एक अशास्त्रीय प्रश्न त्यांच्या मनात आला.

"अहो," काकू न वळता म्हणाल्या, "त्या मुलीला पुन्हा बोलवा. आणि ती सगळी मंडळी पुन्हा जमवा. यावेळी मी येते."

"त्यांना हळू चालायला सांगून उपयोग नाही गं. सांगून बघितलं."

"तुम्ही नका काही सांगू. तुम्ही फक्त मोजा."

गुरुवारी सकाळी मंडळी पुन्हा जमली. शनिवारच्या विजयाची धुंदी अजून उतरलेली नव्हती. काकू औषधवाल्याच्या बाकावर वॉकर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. बँकवाले काठी फिरवत आले.

"भाऊजी," काकू मायेने म्हणाल्या, "शनिवारी पाहिलं तुम्हाला. फार बरं वाटलं. म्हणजे गुडघ्याचं दुखणं तसं किरकोळच होतं म्हणायचं."

बँकवाल्यांची काठी हवेतल्या हवेत थांबली. "किरकोळ?"

"नाही, आम्हाला उगाच वाटायचं, केवढं मोठं दुखणं."

"वहिनी, दोन डॉक्टरांनी हात टेकलेत या गुडघ्यापुढे! तिसऱ्यानं फोटो बघून विचारलं, तुम्ही उभे कसे राहता?"

"असेल हो. पण कवायतीच्या बाईंसारखं नसेल. त्यांचे तर दोन्ही गेलेत ना?"

कवायतीच्या बाईंनी इकडेतिकडे पाहिले. "दोन्ही गेलेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आणि कंबरसुद्धा. मी बोलून दाखवत नाही एवढंच."

"बोलून कोण दाखवतंय?" मागून, मुलाच्या खांद्याने जिना उतरणारे ते जिन्यावाले गृहस्थ म्हणाले. "माझा मणका सरकलाय. पण आहे का तक्रार?"

बाकाभोवती गर्दी झाली. कोणाच्या टाचेत काटा वाढला होता, कोणाला रात्र रात्र पोटऱ्यांत गोळे येत होते. एका आजोबांना केवळ उजव्या पायाचे दुखणे होते, ते बिचारे ओशाळून मागे सरले. आणि या भरात दिवा हिरवा झाला.

बँकवाले निघाले. पहिल्याच पावलाला त्यांनी काठी अशी टेकली की रस्त्याला तडा जावा. मागून बाई निघाल्या. एका हाताने कंबर धरलेली, दर दोन पावलांनी एक सुस्कारा. जिन्यावाल्यांनी मध्येच थांबून, दुखणे नेमके कुठून सुरू होते आणि कुठे जाते, हे शेजारच्या माणसाला बोटाने दाखवले. शनिवारी जी स्पर्धा पहिले येण्याची होती, ती आता शेवटी राहण्याची झाली होती. वाहतूक पोलीस धावत आला. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती.

"काय चाललंय काय?"

"संशोधन," काकू म्हणाल्या. "तुम्हीपण दिवसभर उभे असता ना हो? टाचा दुखत असतील."

पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली. "टाचांचं विचारूच नका काकू," तो म्हणाला आणि बाकावर टेकला.

अप्पांना मात्र बोचणी लागली होती. ते वाकून हळूच म्हणाले, "अगं, पण हे मोजमाप खोटं नाही का झालं?"

"खोटं शनिवारी होतं," काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बाकाकडे येताना बघता ना तुम्ही यांना? बँकवाले भाऊजी असेच येतात. थोडं इकडेतिकडे धरा."

अप्पांनी पुन्हा पाहिले. खरेच होते, थोडे इकडेतिकडे धरले, तर हीच ती माणसे होती. संशोधिकेनेही अतिरेकी सुस्काऱ्यांच्या फेऱ्या वगळल्या, शनिवारच्या शर्यती बाद केल्या, आणि तरी दुपारपर्यंत दोनशेवर फेऱ्या जमल्या. कारण एकदा दुखण्याचा विषय निघाल्यावर घरी जायला कोणीच तयार नव्हते.

शनिवार, २९ नोव्हेंबर. नवा मेंदू खांबात उतरवून झाला होता. संशोधिका लॅपटॉप घेऊन बाकावर, अप्पा तिच्या शेजारी. काकू शाल पांघरून पट्ट्यांशी गेल्या. वॉकरच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवली होती; तिच्यात कंगवा आणि तेलाची बाटली होती.

पडद्यावर करडी चौकट उमटली. थरथरली. पिवळी झाली.

हिरवा दिवा लागला. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. चौथीवर काकू थांबल्या. अप्पा उभे राहिले. एका पोराने मोटारसायकलचे पुढचे चाक पट्टीवर आणून ठेवले होते. काकूंनी त्या चाकाकडे पाहिले, मग पोराकडे, आणि म्हणाल्या, "मागे घे बाळा. ही आमची जागा आहे." पोराने गाडी मागे घेतली. दिवा हिरवाच होता. काकूंनी वॉकर उचलला, पुढे ठेवला, आणि त्यामागून स्वतः गेल्या. पुन्हा वॉकर, पुन्हा स्वतः. कोणाच्याही पुढे जायचे नसलेल्या माणसाच्या शांतपणाने. पलीकडच्या फुटपाथवर दोन्ही पाय चढले तेव्हा कुठे दिवा बदलला.

त्यांनी वळून पाहिले नाही. समोरच्या खिडकीतला हात केव्हाचा वर होता. त्या थेट तिकडेच गेल्या. दार उघडले आणि लागले.

"अर्ध्या तासात येते म्हणाली आहे," अप्पा संशोधिकेला म्हणाले. "परतीची वेळही नोंदवून घेऊ."

ती थोडा वेळ थांबली आणि मग निघून गेली. अप्पा वर गेले, एकटेच जेवले, खिडकीशी बसले. पलीकडच्या खिडकीत दोन डोकी होती. एक पुढे, एक मागे, आणि मागचीचा हात वर खाली चालला होता. फोन कोणाच्याच हातात नव्हता. आपण फोन करावा, असे अप्पांना दोनदा वाटले. त्यांनी तो केला नाही.

जायला लागलेला वेळ: बावन्न सेकंद. परत यायला: सहा तास दहा मिनिटे.